दोन लहान शब्द

इंग्रजी शिकू लागलेल्या माणसाला पहिल्याप्रथम धास्ती वाटते ती लांबलचक शब्दांची. ज्या शब्दाचे स्पेलिंग पाठ करता करता संध्याकाळ सरून जावी, असा शब्द पुढे आला की विद्यार्थी बिचकतो. वस्तुतः हे भय अनाठायी असते. लांब शब्द स्वभावाने सरळ असतात. त्यांना बहुधा एकच अर्थ असतो; तो कोशात सापडतो आणि एकदा सापडला म्हणजे जन्मभर सोबत करतो. खरी फसगत करतात ते लहान शब्द. पहिल्या पुस्तकातच त्यांची ओळख झालेली असते, त्यामुळे त्यांच्याविषयी कोणी सावध राहत नाही. एकेकटे असताना ते निरुपद्रवीही असतात. पण त्यांतले दोघे एकत्र आले म्हणजे काय रूप धारण करतील याचा भरवसा देता येत नाही.

‘टेक’ आणि ‘ऑफ’ ही अशीच एक जोडी. ‘टेक’ म्हणजे घेणे, आणि ‘ऑफ’ म्हणजे अलग, दूर. हे दोन्ही अर्थ शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. पण या दोन अर्थांची बेरीज करून वाक्य लावू गेले, तर ती एखाद्या ठिकाणी जुळते आणि दहा ठिकाणी फजिती करते. देवळात शिरताना माणूस जोडे काढतो, तेव्हा इंग्रजीत ही जोडी येते. दुकानदार किमतीतून दोन रुपये कमी करतो, तेव्हाही तीच. कारकून दोन दिवसांची रजा घेतो. नकलाकार पुढाऱ्याच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल करतो. उतारू मिळत नाहीत म्हणून रेल्वे एखादी गाडी बंद करते. पोलिसाची चाहूल लागताच चोर पोबारा करतो. नव्याने काढलेले दुकान बघता बघता जोरात चालू लागते. आणि विमान धावपट्टी सोडून आकाशात चढते. या आठ क्रियांना मराठीत आठ निरनिराळी क्रियापदे लागली. इंग्रज माणूस आठही ठिकाणी ‘टेक ऑफ’ म्हणून मोकळा होतो.

मग ऐकणाऱ्याचा घोटाळा कसा होत नाही? याचे उत्तर असे, की ऐकणारा शब्द सुटा ऐकत नाही, तो त्याची संगत पाहतो. पुढे जोड्यांचे किंवा टोपीचे नाव आले की काढण्याचा अर्थ लागतो. रुपयांचा आकडा आला की सूट. दिवसांचा आकडा आला की रजा. माणसाचे नाव आले की बहुधा नक्कल. कर्म मुळीच नसले, तर कर्ता कोण ते पाहावयाचे. कर्ता चोर असेल तर पळाला, विमान असेल तर उडाले, धंदा असेल तर भरभराटीस आला. म्हणजे अर्थ या दोन शब्दांत थोडा असतो आणि त्यांच्या शेजारपाजारात पुष्कळ असतो.

या आठ अर्थांच्या मुळाशी एकच चित्र आहे. ‘टेक’ हा शब्द इंग्रजीत आला तो उत्तरेकडील दर्यावर्दी नॉर्स लोकांबरोबर. लुटीसाठी आलेले हे लोक पुढे इंग्लंडातच स्थायिक झाले आणि त्यांच्या या शब्दाने घेण्याचा जुना इंग्रजी शब्द हळूहळू हुसकून लावला. ‘ऑफ’ हा तर षष्ठीचा अर्थ दाखविणाऱ्या ‘ऑव्ह’चाच भाऊ, पूर्वी दोघे एकच होते, सतराव्या शतकाच्या सुमारास ते विभक्त झाले. कशाला तरी चिकटलेली, कशावर तरी टेकलेली वस्तू तेथून सुटी होते, हे या जोडीचे मूळ चित्र. पायापासून जोडा सुटतो, किमतीपासून दोन रुपये सुटतात, वेळापत्रकातून गाडी सुटी होते. माणसाच्या अंगावरून त्याची लकब उचलून घ्यावी तशी नक्कल. आणि ज्याचे पाय जमिनीवर टेकलेले असतात तो उडी घेतो तेव्हा जमिनीपासून सुटतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रज खेळाडू आणि घोडेस्वार लांब उडीच्या आरंभस्थानाला याच नावाने ओळखत असत. विमाने पुढे आली, तेव्हा त्यांच्यासाठी नवा शब्द घडविण्याची गरज पडली नाही. घोड्याचा शब्द विमानाला मिळाला.

दोन अर्थ जोडून तिसराच निर्माण करण्याची ही रीत आपल्याकडे अपरिचित नाही. ‘हृ’ या एका संस्कृत धातूला निरनिराळे उपसर्ग लागले म्हणजे आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार असे एकमेकांचे तोंड न पाहणारे शब्द तयार होतात, हे जुन्या वैयाकरणांनी आवर्जून नोंदविले आहे. संस्कृतात हा सोबती शब्दाच्या पुढे येऊन त्याला चिकटतो. इंग्रजीत तो मागे येतो आणि सुटाच राहतो. मराठीने आणखी वेगळी वाट धरली. ‘त्याने सारे पैसे देऊन टाकले’ या वाक्यात कोणी काही टाकलेले नसते. ‘तो दारात येऊन बसला’ असे म्हटले तरी तो उभा असू शकतो. येथे ‘टाकणे’ आणि ‘बसणे’ ही क्रियापदे आपला मूळ धंदा सोडून दुसऱ्याच्या पदरी चाकरीला राहिली आहेत. बंगळुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला हे अधिक लवकर उमजते. मराठी माणूस ‘देऊन टाक’ म्हणतो तेथे शेजारचा कानडी माणूस ‘कोट्टुबिडु’ म्हणतो. त्यातल्या ‘बिडु’चा मूळ अर्थ सोडणे. एकाने टाकले, दुसऱ्याने सोडले. देण्याची क्रिया निःशेष झाली एवढेच दोघांना सांगावयाचे असते.

बंगळूर शहराचा उल्लेख येथे आणखी एका कारणाने करावयास हवा. ‘टेक ऑफ’ या जोडीचा आकाशाशी असलेला अर्थ भारतात ज्या गावी विशेष रुजला, ते हे गाव. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात बंगळुरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. महायुद्धाचे दिवस होते. १९४२ साली सरकारने कारखान्याचा ताबा घेतला. त्याच वर्षी तेथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला आणि त्याच्या उभारणीत डॉ. विष्णु माधव घाटगे यांचा मोठा वाटा होता. घाटगे कोल्हापूर भागातले. जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आखलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी प्रथम आकाशात गेले. पुढे १९६१ साली मरुत आणि १९६४ साली किरण ही विमानेही याच शहराच्या धावपट्टीवरून उडाली.

या क्षणाला मराठीत काय म्हणावे? ‘विमानाने उड्डाण केले’ असे आपण म्हणतो आणि त्यात उणे काही वाटत नाही. पण ‘उड्डाण’ हा शब्दही विमानाहून पुष्कळ जुना. समुद्र ओलांडताना मारुतीने केले ते उड्डाणच. उडी, उडणे आणि उड्डाण एकाच घरची. म्हणजे इंग्रजीने उडी मारणाऱ्याचा शब्द विमानाला दिला, तेच मराठीनेही केले, आणि दोघींनी एकमेकींना विचारल्यावाचून केले.

एवढ्यावरच हे साम्य थांबत नाही. ‘उडणे’ आणि ‘उडवणे’ यांचा मराठीतला संसार पाहावा. कापडाचा रंग उडतो, म्हणजे निघून जातो. झोप उडते, विश्वास उडतो, तारांबळ उडते, लग्नाचा बार उडतो, दोघांत खटके उडतात. चिरंजीव वडिलांचे पैसे उडवितात आणि मित्र कोणाची टर उडवितात. काढून टाकणे, निघून जाणे, थट्टा करणे, आकाशात चढणे, हे ‘टेक ऑफ’चे चार अर्थ मराठी ‘उडणे’ने आपल्या घरी आधीपासूनच नांदविले होते. तरीही एकाच्या जागी दुसरा ठेवता येत नाही. इंग्रज जोडे ‘टेक ऑफ’ करतो. मराठी माणसाने जोडे उडविले तर ते कोणाच्या तरी अंगावर पडावयाचे. आणि मराठीत झोप उडते, इंग्रजीत तिला ‘टेक ऑफ’ करता येत नाही. दोन भाषांतले शब्द काही अंतर बरोबर चालतात आणि वळणावर एकमेकांचा निरोप घेतात. भाषांतर करणाराची कसोटी त्या वळणावर लागते.

विमानाचा हा अर्थ मग अर्थशास्त्रज्ञांनी उसना घेतला. वॉल्ट रोस्टो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली एका निबंधात आणि १९६० साली ग्रंथात असे प्रतिपादन केले, की गरीब देशाच्या जीवनात एक काळ असा येतो, जेव्हा उत्पादक गुंतवणूक राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या वर जाते आणि देश आपल्या बळावर वाढू लागतो. या काळाला त्याने ‘टेक ऑफ’ हे नाव दिले, आणि भारतापुरता त्याचा आरंभ १९५२ पासून धरला. पंचवार्षिक योजनांच्या त्या दिवसांत ही कल्पना अनेकांना भुरळ घालून गेली. पण उपमा जेवढे सांगते तेवढेच लपविते. आकाशात गेलेल्या विमानाला केव्हा ना केव्हा उतरावे लागते, याची आठवण रोस्टोच्या उपमेत कोठेच नव्हती. शिवाय चाके जमिनीपासून सुटण्याचा क्षण डोळ्यांना दिसतो. देशाच्या इतिहासात तो नेमका कोणत्या वर्षी येतो, हे दाखविता येत नाही, असा आक्षेप सायमन कुझनेट्ससारख्या अर्थशास्त्रज्ञांनी घेतला.

येथवर जे पाहिले, ते शब्दाचे वैभव. एका शब्दाला अनेक अर्थ असणे ही भाषेची काटकसर आहे आणि तीच तिची श्रीमंतीही. परंतु या श्रीमंतीची भयंकर किंमतही कधी द्यावी लागते. ‘टेक ऑफ’च्या बाबतीत ती २७ मार्च १९७७ रोजी द्यावी लागली.

अटलांटिक महासागरातील कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ या बेटावर लॉस रोदेओस नावाचा एक लहान विमानतळ आहे. शेजारच्या बेटावरील मोठ्या विमानतळात त्या दिवशी बॉम्बस्फोट झाला, त्यामुळे कितीतरी विमाने या लहान तळाकडे वळविण्यात आली. गर्दी इतकी झाली, की बाजूच्या मार्गावरही विमाने उभी करावी लागली आणि निघणाऱ्या विमानांना मुख्य धावपट्टीवरूनच चालत तिच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले. दुपारनंतर धुके उतरले. केएलएम या डच कंपनीचे बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाला जाऊन, तोंड वळवून सज्ज झाले. पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीचे तेवढेच मोठे विमान त्याच धावपट्टीवर अजून चालत होते. दोघांना एकमेकांचे दर्शन नव्हते, आणि नियंत्रकाला दोघेही दिसत नव्हते. तिघांना जोडणारा धागा एकच होता, रेडिओवरून ऐकू येणारा शब्द.

नियंत्रकाने डच विमानाला उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जावयाचे ते सांगितले. ही मार्गाची सूचना होती, उडण्याची परवानगी नव्हती. परंतु तीत ‘टेक ऑफ’ हे शब्द आले. डच सहवैमानिकाने सूचना परत म्हणून दाखविली आणि अखेरीस ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेक ऑफ’ असे शब्द जोडले. नियंत्रकाने त्यांचा अर्थ घेतला, की विमान उड्डाणाच्या जागी उभे आहे. वैमानिकाचा भाव असा होता, की आम्ही उड्डाण करीत आहोत. आणि विमान त्या वेळी खरोखरच धावू लागले होते. डच भाषेत चालू क्रिया सांगताना ‘अ‍ॅट’सारखा शब्द येतो, तोच त्याच्या इंग्रजीत उतरला असावा, असे एक स्पष्टीकरण भाषातज्ज्ञांनी दिले आहे. नियंत्रक ‘ठीक’ म्हणाला, आणि लगेच त्याने थांबण्यास सांगितले. पण नेमके त्याच क्षणी अमेरिकन विमानही बोलू लागले, दोन आवाज एकमेकांत मिसळले आणि डच विमानात कर्कश शीळ तेवढी ऐकू आली. धुक्यातून दोन्ही विमाने एकमेकांना दिसली, तेव्हा वेळ निघून गेली होती. ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. वाचलेले ६१ जण सारे अमेरिकन विमानातले होते. विमानवाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात इतके बळी दुसरीकडे कोठेही पडलेले नाहीत.

या अपघाताला कारणे अनेक होती: धुके, गर्दी, लहान तळ, निघण्याची घाई. साऱ्याचा दोष दोन शब्दांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु इतर सर्व संकटे जमून आल्यावर जो अखेरचा धागा सांभाळू शकला असता, तो या दोन शब्दांपाशी तुटला, हेही खरेच.

मराठी माणसाने हे परक्यांचे प्रकरण म्हणून सोडून देऊ नये. आपल्या घरी काय चालते? निरोप घेऊन जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. स्वयंपाकघरातून हाक आली की ओसरीवरचा माणूस ‘आलो, आलो’ असे उत्तर देतो आणि पान उलटून वाचू लागतो. ‘केव्हाच निघालो’ असे सांगणाऱ्याच्या पायात पुष्कळदा वहाणाही नसतात. यात कोणी खोटे बोलत नाही. जाण्याला ‘येणे’ म्हणण्यात शुभाची भावना आहे, आणि न केलेल्या क्रियेला भूतकाळ लावण्यात तत्परतेचे आश्वासन आहे. ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो, स्वभाव ठाऊक असतो, म्हणून हे सारे गोड लागते. पण चेहरा दिसत नसेल, हातवारे दिसत नसतील आणि केवळ आवाजावर विसंबावयाचे असेल, तर तोच गोडवा घात करू शकतो. नभोवाणीच्या श्रोत्यांना हे वेगळे सांगावयास नको.

टेनेरिफनंतर जगातल्या विमानवाहतुकीने जो उपाय केला, तो मोठा उद्बोधक आहे. ‘टेक ऑफ’ हे शब्द कोणी रद्द केले नाहीत. त्यांच्या जागी नवा, अवघड शब्दही आणला नाही. फक्त त्यांच्यावर बंधन घातले. उडण्याची प्रत्यक्ष परवानगी देताना, ती परत म्हणून दाखविताना किंवा ती रद्द करतानाच या शब्दांचा उच्चार करावयाचा. एरवी, विमान रांगेत असो, तयार असो, मार्ग विचारीत असो, तेथे ‘डिपार्चर’ म्हणजे प्रस्थान हा शब्द योजावयाचा. बंगळुरातील नागरी वाहतूक २००८ साली जुन्या तळावरून देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर गेली. तेथे आज निरनिराळ्या मातृभाषा बोलणारे वैमानिक आणि नियंत्रक हाच संकेत पाळतात. घरी त्यांच्यापैकी कोणी सिनेनटाची नक्कल ‘टेक ऑफ’ करील, कोणी दोन दिवस ‘टेक ऑफ’ करील. परंतु कानाला यंत्र लावले की त्या जोडीला एकच अर्थ उरतो.

ज्यांना मराठीतून राज्यकारभार चालवावयाचा आहे, त्यांनी यापासून बोध घेण्याजोगा आहे. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि परिभाषेच्या कामाला वेग आला. तेव्हापासून परिभाषेविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, प्रत्येक इंग्रजी शब्दाला एकच मराठी प्रतिशब्द ठरवून द्यावा आणि तो सर्वत्र चालवावा. दुसरा पक्ष म्हणतो, भाषा मोकळी असावी, तिला कोठेही बांधू नये. पहिल्याचे ऐकले तर जोडे काढणाऱ्यालाही उड्डाण करावे लागेल. दुसऱ्याचे ऐकले तर शेताच्या सातबाऱ्यावर, औषधाच्या चिठ्ठीवर, न्यायालयाच्या हुकमावर काय लिहिले आहे, याचा निर्णय वाचणाऱ्याच्या मर्जीवर राहील. शब्द कोठे बांधावयाचा आणि कोठे मोकळा सोडावयाचा, हे ओळखणे हेच परिभाषेचे खरे कार्य. जेथे माणसाचा जीव, जमीन किंवा हक्क शब्दावर अवलंबून असेल, तेथे सर्वांनी मिळून एक अर्थ ठरवावा आणि तो कसोशीने पाळावा. बाकी ठिकाणी भाषेला तिच्या पायांनी चालू द्यावे.

शिकणाऱ्याने तरी ही जोडी कशी आत्मसात करावी? आठ अर्थांची यादी पाठ करून ते साधत नाही, कारण प्रसंगी आठातला कोणता हे यादी सांगत नाही. या बाबतीतही बंगळूरचा एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. तेथे १९६३ साली दक्षिण भारतासाठी इंग्रजीच्या अध्यापनाची एक संस्था निघाली. तिच्या सहकार्याने एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील काही शाळांत इंग्रजी शिकविण्याचा एक उपक्रम चालविला. तो बंगळूर प्रकल्प म्हणून जगभरच्या भाषाशिक्षकांत ओळखला जातो. त्यात व्याकरणाचे नियम आणि शब्दांच्या याद्या बाजूला ठेवून मुलांपुढे आगगाडीचे वेळापत्रक, नकाशा अशा वस्तू ठेवीत आणि त्यांतून प्रश्न सोडवावयास सांगत. मुलांचे लक्ष कामाच्या अर्थाकडे असे. भाषा त्या ओघात अंगी बाणत जावी, अशी त्यामागील धारणा होती. आपापली मातृभाषा सर्वांनी याच रीतीने मिळविलेली असते. ‘उडणे’चे दहा अर्थ कोणा मराठी मुलाला कोणी यादी करून शिकविले नव्हते. पतंग उडाला, दिव्याचा झोत डोळ्यांवर आला आणि झोप उडाली, वर्गात कोणाची तरी टर उडाली, आणि शब्द आपोआप घरचा झाला. परक्या भाषेचे लहान शब्दही त्याच वाटेने घरचे होतात. त्यांना थोडा अधिक वेळ आणि थोडी अधिक सावधगिरी लागते, इतकेच.